जाहिरात चालेल, लिलाव नको

साहित्याच्या वेबसाइटवर जाहिराती नकोत, असं बजावणारे बहुतेक लोक दर वर्षी चार-पाच दिवाळी अंक विकत घेतात. त्या अंकांत कवितेच्या समोरच्या पानावर सहकारी बँक असते, कथा संपते तिथे सराफी पेढी, मलपृष्ठावर मसाले नाहीतर बांधकाम व्यावसायिक. कवीला त्याचं वावडं नसतं आणि वाचकालाही नसतं. तीच कविता फोनच्या पडद्यावर आली आणि तिच्याखाली जाहिरातीची चौकट दिसली, की मात्र साहित्य बाटतं. गेली काही वर्षं मी हे भिलाईत ऐकते आहे, नागपूरहून आणि पुण्याहून फोनवर ऐकते आहे, आणि आता मला त्याचा कंटाळा आला आहे.

कारण या सोवळ्याला मराठी नियतकालिकांच्या इतिहासात फारसा आधार नाही. १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं ते लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं पत्रक म्हणून. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं मासिक केलं, पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही भावंडं आली, आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांनी आपली मतं त्या पानांवर घासून पाहिली. आपल्या एका मोठ्या मासिकाची नाळ सरळ जाहिरातीला जोडलेली आहे. ते लपवण्याचं काही कारण नाही.

हेतू चांगला असून पैशाची सोय नसली की काय होतं, ते पाहायला मला भिलाईहून फार लांब जावं लागत नाही. १९०० सालच्या जानेवारीत पेंड्रा इथून माधवराव सप्र्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं. सोबत रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे. तिघांचीही नावं वाचा: घरात मराठी, मासिक हिंदी, मुलूख छत्तीसगढी. तीन वर्षं चाललं आणि १९०२च्या अखेरीस बंद पडलं. तोटा सोसेना. सप्रे पुढे दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेणारे अनुवादक म्हणून मोठे झाले, पण या भागातलं पहिलं मासिक गेलं ते गेलंच. आमच्याकडे त्यांच्या नावाने कार्यक्रम होतात, हार घातले जातात. तोट्याबद्दल कोणी बोलत नाही.

तेव्हा जाहिरातीला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो दुसऱ्याच गोष्टीला, आणि तिलाही आपण जाहिरातच म्हणतो म्हणून सगळा घोळ होतो.

माझ्या वेबसाइटवर छत्तीसगढी आणि हिंदी कथांचे मराठी अनुवाद असतात, उलट दिशेचेही थोडे असतात. खर्च दोन प्रकारचा: जागेचं भाडं आणि मूळ लेखकाला द्यायचं मानधन. पहिला किरकोळ आहे, दुसरा नाही. तो भागावा म्हणून मी एक वर्ष एका जाहिरात नेटवर्कची चौकट पानांवर लावून पाहिली. कोणतं नेटवर्क ते सांगत नाही. सगळ्यांची रीत सारखीच आहे, आणि मुद्दा रीतीचा आहे.

रीत अशी. तुम्ही पान उघडलंत की त्यावरची मोकळी जागा लिलावात निघते. पानाचा पत्ता काय, फोन कोणता, तुम्ही साधारण कुठल्या गावात आहात, याआधी काय धुंडाळत होतात याचा माग असेल तर तोही, असं सगळं बोली लावणाऱ्या यंत्रांकडे जातं. ती बोली लावतात, जिंकणाऱ्याची जाहिरात उमटते, आणि हे सगळं तुमची नजर पहिल्या वाक्यावर पोचण्याआधी उरकलेलं असतं. जाहिरातदाराला माहीत नसतं की तो कुठल्या कथेच्या शेजारी बसला आहे. मला माहीत नसतं की माझ्या कथेच्या शेजारी कोण बसणार आहे. दिवाळी अंकात सराफाने संपादकाला फोन केलेला असतो, संपादकाने सराफाकडे चार खेपा घातलेल्या असतात, पैशावरून घासाघीस झालेली असते. इथे विकली जाते ती अंकातली जागा नसते, वाचकाची नजर असते, आणि ती विकणारी मी नसतेच.

कर्जाने गावातून उठलेल्या एका कुटुंबाची कथा मी अनुवादित केली होती. तिच्या मधोमध पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपची जाहिरात आली. यंत्राने काम चोख केलं होतं. कथेत ‘कर्ज’ हा शब्द वारंवार होता.

यावर उत्साही मंडळींचं उत्तर ठरलेलं आहे: नको असलेले प्रकार बंद करता येतात. येतात. पण मग दर पडतो, कारण चढी बोली अशाच धंद्यांची असते. आणि दर हा तर वेगळाच विनोद आहे. गूगलने ॲडसेन्स २००३ साली सुरू केलं. हिंदी पानांना तिथे प्रवेश मिळाला २०१४च्या डिसेंबरात, बंगालीला २०१७ साली, मराठीला २०१८ साली. पंधरा वर्षं मराठी ही त्या बाजारात अधिकृत भाषाच नव्हती. आता आहे, पण बोली लावायला माणसं हवीत. कोण बोली लावणार? मराठी दुकानदार अजून फलक लावतो, पत्रकं वाटतो, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो. भिलाईत बसून मराठी कथा वाचणाऱ्याला यंत्र जाहिरात दाखवतं ती हिंदीत किंवा इंग्रजीत, कारण त्याच्या लेखी वाचक म्हणजे त्याचं गाव. पोलाद कारखान्यामुळे इथे वस्तीला आलेली तेलुगू, मल्याळी, बंगाली, मराठी घरं सेक्टरा-सेक्टरांत साठ वर्षं एकमेकांना लागून राहिली आहेत. हे त्या यंत्राला कळायला जागाच नाही.

छत्तीसगढीची गोष्ट आणखी सरळ आहे. ती मान्य भाषांच्या यादीत नाही. २०११च्या जनगणनेत दीड कोटीहून अधिक लोकांनी तिला मातृभाषा म्हणून नोंदवलं आणि जनगणनेने तो आकडा हिंदीखाली मोजला. देवनागरी दिसली की यंत्रानेही माझ्या छत्तीसगढी पानांना हिंदीच समजून घेतलं. सरकार आणि बाजार यांचं इतकं एकमत क्वचित दिसतं.

ॲडसेन्स २०२३पर्यंत मजकुरासोबतच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ६८ टक्के प्रकाशकाला देत असे, हे मला कौतुकाने सांगितलं जातं. मराठी पुस्तकावर लेखकाला दहा-पंधरा टक्के मिळतात, मग ६८ म्हणजे उदारपणाच, नाही का? पण ६८ टक्के कशाचे? पुस्तकाची किंमत छापलेली असते. इथे किंमत दर वेळी नव्याने, माझ्या पाठीमागे ठरते, आणि १०० डॉलर साठेपर्यंत हातात काही पडत नाही. ज्याचं पान दिवसाला काही डझन माणसं वाचतात त्याच्यासाठी ती रक्कम क्षितिजासारखी असते. मी लावलेल्या नेटवर्कचाही असा एक किमान आकडा होता. वर्षभरात तो गाठला गेला नाही, त्यामुळे मिळाले शून्य.

पण पैसा मिळाला नाही हा माझा मुख्य मुद्दा नव्हे. मिळाला असता तरी मी हेच लिहिलं असतं, किंबहुना जास्त चिडून लिहिलं असतं. कारण थोडा जरी मिळायला लागला की तो लिहिण्याला वळण लावतो. माझ्या साइटवर एक पान आहे: छत्तीसगढी खाद्यपदार्थांच्या नावांची मराठी टिपणं. फरा, चीला, ठेठरी, खुरमी, बोरे बासी. अनुवाद करताना लागतात म्हणून जमवलेली. जे काही पैसे खात्यात दिसत होते त्यातले बहुतेक या एका पानाचे होते. नेटवर्ककडून सूचना येऊ लागल्या की अशी पानं वाढवा, मथळे लांबवा, मजकुराचे तुकडे करा म्हणजे चौकटी जास्त बसतील. या सूचना पाठवणारा कोणी साहित्याचा वैरी नाही, ती फक्त बेरीज आहे. तरीही विचार करा: रोज सकाळी जिथे कथेसमोर शून्य आणि फऱ्यासमोर आकडा दिसतो, तिथे पुढची कथा अनुवादायला बसणाऱ्याचा हात किती दिवस स्थिर राहील?

आणि ज्यांची पानं सगळ्यात आधी उपाशी मरतात ती कोणती? जाहिरातदार शब्दांच्या याद्या करून देतात: अमुक शब्द असलेल्या पानावर आमचं नाव नको. २०२० साली अनेक कंपन्यांनी ‘कोरोना’ हाच शब्द त्या यादीत घातला आणि वर्तमानपत्रांची सर्वाधिक वाचली जाणारी पानं जाहिरातींविना राहिली. आता हीच चाळणी साहित्याला लावा. रक्त, प्रेत, दारू, बलात्कार, आत्महत्या. फाळणीच्या कथा गेल्या. दलित आत्मकथनं गेली. बस्तरवरचं जवळजवळ सगळं गेलं. त्या पानांवर बंदी कोणी घातली नाही, निषेधाचा मोर्चा कोणावर न्यायचा तेही कळणार नाही.

इथे मला सांगितलं जातं की दुकानदाराच्या जाहिरातीतही दडपण असतंच. असतं. नेटवर्क काढून टाकल्यावर मी इथल्याच लोकांकडे थेट गेले. त्यातल्या एका व्यापाऱ्याने तीन महिन्यांची जाहिरात दिली आणि दुसऱ्याच महिन्यात एका कथेतला पुजारी त्याला खटकला. कथा काढा म्हणाला. मी नाही म्हटलं, त्याने जाहिरात मागे घेतली, उरलेले पैसे मी परत केले. आम्ही अजून एकमेकांना नमस्कार करतो. हे दडपण मला परवडतं. त्याला चेहरा आहे, कारण आहे, आणि नकार द्यायला समोर माणूस आहे.

जाहिरातच कशाला, देणगी मागा, असं सुचवणारेही आहेत. जरूर मागावी. पण आपल्याकडे देणगी देणाऱ्याचं नाव सभागृहाच्या भिंतीवर संगमरवरात कोरतात, आणि ते वाचतच आपण आत जाऊन परिसंवाद ऐकतो. त्या फरशीला आपण जाहिरात म्हणत नाही एवढंच.

आणखी एक गोष्ट अनुवादकांनी तरी विसरू नये. जिवंत लेखक मला परवानगी देतो ती कथा मराठीत आणण्याची. तिच्याभोवती कोणीही येऊन काहीही विकावं याची नाही. मी माझ्या लेखकांना विचारलं. बहुतेकांना जाहिरात चालत होती. त्यांनी विचारलं ते एवढंच की कोणाची, आणि आमचा वाटा किती. नेटवर्कवर या दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. वर्षाला चार जाहिराती, प्रत्येकी तीन महिने, रक्कम ठरलेली आणि आगाऊ, निम्मी त्या तिमाहीतल्या लेखकांना. कोणाचा माग काढला जात नाही, किती जणांनी पाहिलं ते मी मोजत नाही आणि जाहिरातदाराला सांगतही नाही. सुपेल्यातला छापखानावाला, घरगुती फराळ करणाऱ्या सेक्टरमधल्या काकू, दुर्गचा हार्मोनियम दुरुस्त करणारा कारागीर असे लोक आले. मजकूर मी तिन्ही भाषांत करून देते. काकूंना छत्तीसगढी मजकूर इतका आवडला की त्यांनी तो डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवरही छापून घेतला, आणि अनुवादाचे वेगळे पैसे दिले. त्या पैशांवर हक्क साइटचा की माझा, यावर घरी अजून वाद चालू आहे.

याने भरभराट होत नाही. हे वाढवून मोठं करता येणार नाही, असं मला तरुण मित्र सांगतात, आणि ते खरं आहे. पण गेल्या वर्षी पाच लेखकांना मानधन गेलं. रक्कम लहान होती, वेळेवर होती, आणि कोणाच्या पैशातून आली ते प्रत्येकाला नावानिशी कळवलं होतं. पुढच्या वर्षाची जानेवारी ते मार्चची जागा अजून रिकामी आहे.