पाल चुकचुकते तेव्हा

शिरूर तालुक्यातील निमोणे येथे एका आप्तांच्या ओसरीवर दिवेलागणीच्या सुमारास बसलो असता, नववीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलीच्या वहीत ‘फोरबोडिंग’ या इंग्रजी शब्दापुढे ‘पूर्वसूचना’ असा अर्थ सुवाच्य अक्षरांत लिहिलेला माझ्या दृष्टीस पडला. आणि त्याच वेळी बांधापलीकडे टिटवी ओरडू लागली, तशी बाजरी पाखडणाऱ्या आजीचे सूप हातातच थांबले व ‘मनात पाल चुकचुकती बघ, पोरगं अजून शिरूरहून आलं नाही,’ असे उद्गार तिच्या तोंडून निघून गेले. त्या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ वहीपासून चार हातांवर उच्चारला गेला होता; वहीत त्याची नोंद झाली नाही.

पूर्वसूचना हा कचेरीतला शब्द आहे. घोड धरणातून पाणी सोडण्याआधी नदीकाठच्या गावांना देतात ती पूर्वसूचना; तिला तारीख असते, वेळ असते, खाली अंमलदाराची सही असते. फोरबोडिंगला यांपैकी काहीच नसते; कारण सांगता येत नाही आणि तरीही जीव थाऱ्यावर राहत नाही, अशी ती अवस्था आहे. इंग्रजीत बाहेर दिसणारे शुभ किंवा अशुभ चिन्ह ते ‘ओमेन’ आणि आत दाटून येणारी भावना ती ‘फोरबोडिंग’, असा विवेक आहे. पण आपली भाषाही या बाबतीत दरिद्री नाही. निकालाआधी होते ती धाकधूक, रात्री उसाच्या कडेने येताना बिबट्याची वाटते ती धास्ती, एकदा घडून गेलेल्या गोष्टीचा मनात बसतो तो धसका, आणि वाईट बातमी कानी पडताच होते ते काळजात चर्र. शिवाय दोन्ही भाषांतल्या शकुनाच्या शब्दांचे मूळ पक्ष्यांपाशीच जाऊन पोहोचते: संस्कृतात ‘शकुन’ म्हणजे पक्षी, आणि इंग्रजीतील ‘ऑस्पिशस’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ पक्षी पाहून भाकीत सांगणारा. हे एवढे वर्गात सांगितले, तर ओसरीवरून ऐकू येणारी टिटवी इंग्रजीच्या पुस्तकातही सापडेल.

मोल्सवर्थसारख्या परकीयाने १८३१ च्या आपल्या मराठी-इंग्रजी कोशासाठी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने बोलीतले शब्द परिश्रमपूर्वक वेचले, आणि आपण मात्र घरातलेच शब्द परके समजून वहीबाहेर ठेवतो, याचा मला मनस्वी खेद होतो.

शब्द राखावेत म्हणजे त्यांमागची समजूतही राखावी, असे मी म्हणत नाही. टिटवी ओरडली म्हणून संकट येत नाही. त्या दिवशीही मुलगा तासाभरात सुखरूप घरी आला. आणि काही शब्द तर राखूच नयेत. घरात मृत्यू झाला की नव्या सुनेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून जन्मभर डागणारा शब्द कोशात राहो, कोणाच्या जिभेवर राहू नये.

इंग्रजीच्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे, की असा भावनेचा शब्द धड्यात आला म्हणजे अर्थ लगेच फळ्यावर लिहून देऊ नये. मुलांना एका दिवसाची मुदत द्यावी, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून यायला सांगावे, आणि दुसऱ्या दिवशी ती जे शब्द आणतील तेच फळ्यावर लिहावेत.