निबंध आधी, पारपत्र नंतर

परदेशातील आंतरराष्ट्रीय परिषदेचे निमंत्रण येणे ही आता नाशिकसारख्या शहरात अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. महाविद्यालयातील प्राध्यापक, तज्ज्ञ डॉक्टर, अभियंते, एवढेच काय पण द्राक्षबागाईतदारही अशा निमित्ताने सातासमुद्रापार जाऊन येतात. निमंत्रण आले की सारे घर कामाला लागते. पारपत्राची मुदत पाहिली जाते, व्हिसासाठी मुंबईच्या खेपा होतात, लोकरीचे कपडे उसने आणले जातात, भाजणी आणि मेतकूट यांच्या पुड्या बांधल्या जातात, परकीय चलनाची सोय होते. या सगळ्या धामधुमीत मागे राहतो तो एकच विषय. तेथे जाऊन सांगायचे काय? निबंध अनेकदा निघण्याच्या आदल्या रात्री कसाबसा हातावेगळा केला जातो.

तयारीचा हा क्रम उलटा आहे. तो सुलटा कसा असावा, याचे उत्तम उदाहरण नाशिककरांच्या अगदी डोळ्यांसमोर आहे. मुंबई-आग्रा महामार्गालगतची पांडवलेणी ठाऊक नसलेला नाशिककर विरळा. पायथ्याच्या फाळके स्मारकात मुलांना फिरवून आणणारी कुटुंबे अनेकदा वरपर्यंत चढूनही जातात. मात्र तेथील भिंतींवर कोरलेल्या ब्राह्मी लिपीतील लेखांनी एकेकाळी लंडनच्या विद्वत्परिषदेत हजेरी लावली होती, हे त्यांतील किती जणांना ठाऊक असते?

१८७४ साली लंडनमध्ये प्राच्यविद्या पंडितांची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचे निमंत्रण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृत शिकविणाऱ्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना आले होते. मालवणात १८३७ साली जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक असलेले भांडारकर तेव्हा सदतीस वर्षांचे होते. घरगुती अडचणींमुळे त्यांना जाणे शक्य झाले नाही. दुसरा कोणी असता तर दिलगिरीचे पत्र पाठवून मोकळा झाला असता. भांडारकरांनी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरचा आपला सविस्तर निबंध पाठविला. १८७६ साली परिषदेचा वृत्तान्त ग्रंथरूपाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तो समाविष्ट आहे. माणूस गेला नाही, निबंध गेला. परिषदेच्या दृष्टीने जाण्यासारखे जे होते, ते पोहोचले.

त्या लेखांत काय होते, हे पाहिले म्हणजे या तयारीचे मोल कळते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी कोरविलेल्या लेण्यातील लेखात एका ठेवीचा हिशेब आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने एकूण ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक आणि उरलेल्या १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मोठ्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळावयाचे. वर्षाचे व्याज २४० होते आणि वीस भिक्षूंचे बारा-बाराही २४०च होतात. हिशेब चोख आहे. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविण्यात आला व त्याची रीतसर नोंद झाली, असेही लेख सांगतो. याच उषवदाताने ब्राह्मणांना गायी आणि गावे दान दिली, दमणगंगा, तापी यांसारख्या नद्यांवर लोकांसाठी विनामूल्य नावा ठेवल्या. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या गोदातीरावर कारागिरांच्या संस्था लोकांच्या ठेवी सांभाळीत होत्या आणि एकाच दात्याच्या हातून श्रमण आणि ब्राह्मण या दोघांचाही सन्मान होत होता. आपल्या समाजरचनेविषयी यापेक्षा बोलका पुरावा कोणता?

दुसऱ्या एका लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने शक, यवन, पह्लवांचा पाडाव केला आणि नहपानाच्या क्षहरात कुळाचा उच्छेद केला, असे ती अभिमानाने नोंदविते. आईच्या मायेने केलेली ही अतिशयोक्ती असेल, असे कोणी म्हणू शकला असता. परंतु १९०६ साली याच जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. मातेच्या शब्दाला चांदीची साक्ष मिळाली.

या लेखांच्या नकला आधीच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांनी घेतल्या होत्या, त्यांचे अर्थही परकीयांनीच लावले होते. भांडारकरांनी त्यात आपल्या संस्कृत-प्राकृताच्या अभ्यासाची भर घातली. युरोपातील पद्धती त्यांनी निःसंकोचपणे आत्मसात केली आणि निष्कर्ष मात्र कोणाच्या दडपणाखाली काढले नाहीत. पुढे १८८४ साली त्यांनी लिहिलेल्या दख्खनच्या प्राचीन इतिहासाला हेच लेख आधारभूत ठरले. १८८५ मध्ये गटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि १८८६ साली व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला ते स्वतः उपस्थित राहिले. निबंध बारा वर्षे आधी गेला होता, माणूस नंतर पोहोचला.

लंडनच्या त्या १८७४ च्या परिषदेला शंकर पांडुरंग पंडित हे दुसरे मराठी विद्वान प्रत्यक्ष गेले होते. पुढे पोरबंदर संस्थानचे प्रशासक असताना याच पंडितांनी एका तरुण परिव्राजक संन्याशाला पश्चिमेकडे जाण्याचा आग्रह केला. तो संन्यासी म्हणजे स्वामी विवेकानंद. ३१ मे १८९३ रोजी ते मुंबईहून निघाले, तेव्हा त्यांची व्यावहारिक तयारी जवळजवळ शून्य होती. परिषद सप्टेंबरात आहे हे शिकागोला पोहोचल्यावर कळले. ओळखपत्र नव्हते, पैसे संपत आले होते, थंडीला पुरेसे कपडे नव्हते. हार्वर्डच्या प्राध्यापक राइट यांनी शिफारस केली म्हणून व्यासपीठ मिळाले. परंतु ११ सप्टेंबरला ते उभे राहिले, तेव्हा त्यांच्यापाशी शास्त्राध्ययन होते आणि काही वर्षे पायी, आगगाडीने पाहिलेला सारा देश होता. बाहेरची उणीव भरून काढणारी आतली शिदोरी भरगच्च होती. व्यवहारातील त्यांच्या अडचणींचे अनुकरण कोणी करू नये. शिदोरीचे अवश्य करावे.

आज परिस्थिती नेमकी उलट झाली आहे. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने आंतरराष्ट्रीय परिषदेतील निबंधाला गुण दिले आणि गुणांसाठी परिषदा शोधण्याची सवय लागली. ही गरज ओळखून परिषदांचा बाजार उभा राहिला. शुल्क भरले की कोणताही निबंध स्वीकारला जातो, एकाच हॉटेलात दहा विषयांच्या परिषदा एकदमच भरतात आणि प्रमाणपत्र हाती पडताच सहल सुरू होते. घरचे पैसे जातात, ज्ञानात भर मात्र पडत नाही.

याहून गंभीर दोष आणखी एक आहे आणि तो राष्ट्राभिमानी म्हणविणाऱ्यांनी विशेषकरून ध्यानात घ्यावा. परदेशात गेल्यावर आपल्या प्राचीन वैभवाच्या गोष्टी सांगण्याचा मोह होतो. मोह स्वाभाविक आहे, परंतु पुराव्याविना केलेली गर्जना जाणत्या श्रोत्यांत हसे करून घेते आणि खऱ्या वैभवावरही संशयाची सावली पाडते. उषवदाताच्या ठेवीचा हिशेब मांडणाऱ्याला आवाज चढवावा लागत नाही. अभिमानाची खरी ताकद अचूकतेत असते, हे भांडारकरांनी कृतीने दाखवून दिले.

म्हणून ज्यांना निमंत्रण आले आहे, त्यांनी अवश्य जावे. जाण्यापूर्वी आपल्या गावाचे, आपल्या विषयाचे, स्वतः पडताळून पाहिलेले असे काय आपण नेत आहोत, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारावा. ज्यांना निमंत्रण आलेले नाही, त्यांनी एका रविवारी मुलांना घेऊन त्रिरश्मी डोंगर चढावा आणि ती अक्षरे शांतपणे न्याहाळावीत. त्यातील एखाद्या मुलाला ती वाचावीशी वाटली, तर उद्याच्या एखाद्या परिषदेची तयारी त्याच पायऱ्यांवर सुरू झालेली असेल.