वर्तुळाकार रस्ता वाहनांसाठी की भूखंडांसाठी?



महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने पुण्याभोवती जो वर्तुळाकार रस्ता आखला आहे, आणि ज्याला लहानथोरांच्या तोंडी ‘रिंगरोड’ हेच नाव रूढ झाले आहे, तो मुंबईच्या द्रुतगती मार्गावरील उर्से येथून निघून, पश्चिमेस मुळशी-हवेलीच्या डोंगरांतून आणि पूर्वेस सोळू, सोरतापवाडी असा वळसा घेऊन, साताऱ्याच्या वाटेवर वरवे येथे पुन्हा एकत्र येतो. त्याची रुंदी ११० मीटर आहे. म्हणजे दर किलोमीटरास ११ हेक्टर, सुमारे २७ एकर, जमीन त्याखाली जाते, आणि ती मावळ, मुळशी, हवेली, खेड, पुरंदर व भोर या तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावरून उतरते. जी जमीन ज्या कारणासाठी घेतली ती त्याच कारणासाठी लागावी, एवढेच या पत्रकाचे म्हणणे आहे.

मुंबईहून बंगळूरला जाणाऱ्या मालमोटारीस पुण्यात काडीचे काम नसता तिने पुण्याच्या वेशीत शिरावे, धूर ओकावा आणि स्वतःचाही अर्धा दिवस घालवावा, हे कोणाच्याच हिताचे नसल्यामुळे, अशा वाहनांना शहर टाळून जाण्याची वाट असावी या मूळ हेतूशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते तो हेतू टिकविण्याची काहीच तजवीज केलेली दिसत नाही, याबद्दल.

कारण हा प्रयोग पुण्यात पूर्वी एकदा होऊन गेला आहे. कात्रज-देहूरोड बाह्यवळण मार्ग गेल्या शतकाच्या अखेरीस याच हेतूने, याच शब्दांत समर्थन करून, वस्तीच्या पुष्कळ बाहेरून नेण्यात आला. पुढे काय झाले ते आंबेगाव, नऱ्हे, वारजे, बावधन, बाणेर, बालेवाडी, वाकड येथील रहिवाशांना सांगावयास नको. ज्या रस्त्याने शहर टाळावयाचे त्याच रस्त्याला शहर दोन्ही अंगांनी येऊन चिकटले, आणि आज तेथे परराज्यातील अवजड गाडी, कचेरीस निघालेला दुचाकीस्वार आणि मुलाला शाळेत पोचविणारी माता एकाच मार्गावर एकमेकांचा जीव मुठीत धरून चालतात. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार तर अपघातांसाठी कुप्रसिद्धच झाला आहे. चांदणी चौकातील जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात सुरुंग लावून उडवावा लागला आणि २०२३ च्या ऑगस्टात तेथे नव्या पुलांचे जाळे खुले झाले. शहराच्या बाहेर म्हणून बांधलेल्या रस्त्यावर शहराच्या पोटातल्यासारखी शस्त्रक्रिया करावी लागते, यापरता दुसरा पुरावा तो कोणता?

हे दैवाने घडले नाही. आधी एखाद्या गावाच्या सोयीसाठी म्हणून एक जोडरस्ता उघडतो. मग त्याच्या तोंडाशी पेट्रोल पंप, धाबा, गोदाम. मग सेवारस्त्याची मागणी, बिनशेतीचे परवाने, गुंठ्यागुंठ्यांचे व्यवहार, दहा मजल्यांच्या इमारती. आणि शेवटी त्या इमारतींतील मतदारांसाठी आणखी एक जोडरस्ता. या साखळीतील प्रत्येक कडी कायदेशीर असते, प्रत्येक अर्जावर रीतसर शिक्का असतो, आणि म्हणूनच एकूण नासाडीचा जाब कोणत्याच दफ्तरात सापडत नाही. नव्या रस्त्याच्या बाबतीत तर ‘रिंगरोड टच’ भूखंडांच्या जाहिराती रस्ता होण्यापूर्वीच झळकू लागल्या आहेत. रस्ता कोणासाठी होत आहे हे जाहिरातदारांना शासनापेक्षा अधिक स्पष्ट कळलेले दिसते.

विलायतेकडे बोट दाखविणाऱ्यांनी लंडनची हकीकतही मुळातून पाहावी. त्या शहराभोवतीचा १८८ किलोमीटरचा ‘एम २५’ रस्ता १९८६ साली पुरा झाला. लंडनच्या सभोवतीचा हरितपट्टा राखण्यासाठी १९३८ पासून कायदा असूनही तो रस्ता थोड्याच वर्षांत तुंबला. कारण त्यावर जागोजाग चढण्या-उतरण्याच्या सोयी ठेवल्यामुळे दूरच्या प्रवाशांबरोबर जवळच्या गावांतील दैनंदिन वाहतूकही त्यावर लोटली. नवा रस्ता नवी वाहतूक उत्पन्न करतो, असा निर्वाळा तेथील सरकारच्या सल्लागार समितीने १९९४ साली दिला. आपल्याकडे तर हरितपट्टाही नाही. उलट याच वर्तुळाच्या आत पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने आपले दुसरे वर्तुळ आखून ठेवले आहे!

आता जमिनीविषयी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने, प्रकल्पाचे समाजावर काय परिणाम होतील याची आधी जाहीर चौकशी व्हावी, असा दंडक घातला. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली त्यात १०५-अ हे कलम घालून, १९५५ च्या महामार्ग अधिनियमाखाली होणारी संपादने त्या चौकशीतून मोकळी करून घेतली, आणि वर्तुळाकार रस्त्याची जमीन याच अधिनियमाखाली घेण्यात येत आहे. मोबदला वाढवून मिळतो, मुदतीत संमती देणाऱ्यास २५ टक्के अधिकही मिळतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पैसे मिळाले म्हणून प्रश्न विचारण्याचा हक्क संपत नाही. १९२१ साली सेनापती बापटांच्या मागे उभे राहून मुंबईच्या विजेसाठी बुडणाऱ्या भातखाचरांचा जाब विचारणारा मुळशी तालुका या रस्त्याच्या वाटेवर आहे, याचे विस्मरण निदान पुणेकरांस तरी होऊ नये.

आमची मागणी अशी की, या रस्त्यावर चढण्या-उतरण्याची वाट केवळ राष्ट्रीय व राज्य महामार्गांच्या छेदापाशी असावी; खासगी जमिनीतून एकही फाटा निघू नये; आणि दोन्ही बाजूंचा अर्ध्या किलोमीटरचा पट्टा रस्ता खुला होण्यापूर्वीच विकास आराखड्यात कायम शेतीसाठी नोंदविला जावा. येथे एक रास्त हरकत निघेल : ज्याची निम्मी जमीन गेली त्याने उरलेल्या निम्म्या जमिनीला येणाऱ्या भावावरही पाणी का सोडावे? त्याने सोडू नये. या रस्त्यावर जो पथकर बसेल त्यातील ठरावीक हिस्सा, रस्ता चालेल तोवर, दरवर्षी या पट्ट्यातील खातेदारांस मिळावा. एकदाच मिळून वर्ष-दोन वर्षांत संपणाऱ्या रकमेपेक्षा हा वार्षिक हिस्सा त्याच्या नातवंडांनाही उपयोगी पडेल, आणि पट्टा मोकळा राहण्यात त्याचाच स्वार्थ राहील.

ज्या गावांच्या शिवारातून रेखांकन जाते त्या गावांनी येत्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव मांडून तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. शहरातील नागरिकांनी आपापल्या नगरसेवकाकडे व आमदाराकडे हीच मागणी लेखी द्यावी. आणि ठरावाची वा अर्जाची एक प्रत जिल्हाधिकारी कचेरीत दाखल करून तिची पोच घेतल्यावाचून परत येऊ नये.

— करदाते नागरिक, पुणे