पाटीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी

हुगळीच्या काठावरचे बजबज तागाच्या गिरण्या आणि तेलाच्या टाक्यांसाठी ओळखले जाते. कोलकात्याजवळच्या या गावात वसंत पंचमीला, साऱ्या बंगालप्रमाणेच, सरस्वतीपूजा होते. पुस्तके देवीपुढे ठेवायची, म्हणून त्या दिवशी अभ्यासाला सुट्टी! घरातल्या चिमुकल्याची मात्र त्याच दिवशी ‘हातेखडी’ होते. वडीलधारे त्याचा हात धरून पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेतात. आपल्याकडे दसऱ्याला एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात ना, तसेच हे.

प्रश्न असतो तो दुसऱ्या दिवसापासूनचा. बंगाली मुलाच्या हाती विद्यासागरांचे १८५५ सालचे ‘वर्णपरिचय’ येते, रवींद्रनाथांचे १९३० सालचे ‘सहज पाठ’ येते. पण बदलीमुळे अशा गावी येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबाचे काय? शाळेत इंग्रजी, खेळताना बंगाली. मूल घरी मराठी छान बोलते, म्हणून आईवडील निश्चिंत असतात. मग एके दिवशी लक्षात येते, की आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आजीचे पत्र वाचता येत नाही. आता तर आजी मोबाइलवर बोलूनच निरोप पाठवते, त्यामुळे हे लक्षात यायलाही उशीर होतो.

खरे तर काम वाटते तितके अवघड नाही. क, ख, ग, घ हा क्रम बंगालीतही तोच. तो पाठ असलेल्या मुलाला फक्त नवी वळणे शिकायची असतात. अडते ते थोड्याच ठिकाणी. बंगालीत ‘ब’ आणि ‘व’ वेगळे उरलेले नाहीत, त्यामुळे मूल विमानाचे ‘बिमान’ करते. ‘ळ’ तर बंगालीत नाहीच आणि शाळेतल्या हिंदीतही भेटत नाही. तो घरीच शिकवावा लागतो. बाळ, केळे, खेळ, पोळी... स्वयंपाकघरात ‘ळ’ची काय वाण?

रोज रात्री पंधरा मिनिटे आईने किंवा बाबांनी गोष्ट वाचून दाखवावी. मूल शेजारी बसलेले असावे आणि ओळीखालून बोट फिरत असावे. गोष्ट रंगात आली की पुढची दोन वाक्ये त्याला वाचू द्यावीत. अडखळले तर शब्द सांगून पुढे जावे. तिथे परीक्षा घेत बसले, की गोष्टही गेली आणि वाचनही.

लिहिण्याला मात्र कारण लागते. दहा ओळी शुद्धलेखन हे मुलाच्या दृष्टीने कारण नव्हे. बाजाराची यादी हे कारण आहे, आजीला पत्र हे त्याहून मोठे. साने गुरुजींनी पुतणी सुधाला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ पुढे पुस्तकरूपाने घरोघरी वाचली गेली, पण मुळात ती एका मुलीसाठी होती. मुलाने लिहिलेले पत्र लाल शाईने सुधारू नये. ‘बिमान’ तसेच जाऊ द्यावे, आजीला ते कळते. आजीलाही आधी सांगून ठेवावे, की उत्तर फोनवर नको, कागदावर हवे, अक्षर जरा मोठे. उत्तर आले की पाकीट मुलाच्याच हाती द्यावे आणि आईने स्वयंपाकघरात निघून जावे.