प्लास्टर निघालं, पण हात?

आवणीच्या दिवसांत शहापूर-मुरबाडकडे बांध निसरडे होतात. एखादी आजी घसरते, पडताना हात टेकते आणि मनगट मोडतं. केसपेपरवर बहुतेक वेळा 'कॉलेस फ्रॅक्चर' असं लिहिलेलं असतं. पाच-सहा आठवड्यांनी प्लास्टर कापतात आणि घरच्यांना वाटतं, सुटलो! आजी मात्र हाताकडे बघत बसते. हात सुकलेला, मनगट ताठ, मूठ वळत नाही.

मग दोन तऱ्हा होतात. एक तर 'तुम्ही आता बसा' म्हणून तिच्या हातातलं लाटणंही काढून घेतात, नाही तर चौथ्याच दिवशी पाण्याचा हंडा तिच्या कमरेवर. दोन्ही वाईट, पण माया म्हणून बसवून ठेवणं जास्त वाईट, असं मला वाटतं. न हलवलेला हात आणखी आखडतो.

खरं तर सुरुवात प्लास्टर असतानाच करायची. बोटं पूर्ण मिटायची, उघडायची, कोपर आणि खांदा हलवायचा, हात उशीवर उंच ठेवायचा. बोटं काळीनिळी पडली, बधिर झाली किंवा ठणका सोसवेना, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

प्लास्टर निघाल्यावर कोमट पाण्यात मनगट वर-खाली करायचं, तळवा आभाळाकडे, मग जमिनीकडे. हळूहळू फडकं पिळणं, कणीक मळणं, भाकरी थापणं. थोडं दुखेलच, रात्रभर सुजून ठणकलं तर जास्त झालं समजा. हंडा आणि विहिरीचा दोर डॉक्टर म्हणतील तेव्हाच. आणि जोरात चोळून, ओढून घेणं नकोच!

मुरबाडला अजून रेल्वे नाही. व्यायामासाठी कल्याणला जायचं तर आजीचा दिवस आणि सोबतच्या सुनेची मजुरी, दोन्ही जातात. म्हणून शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय असो की मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय, प्लास्टर निघेल त्याच दिवशी व्यायाम करून दाखवायला सांगा, आणि तो सुनेनंही शिकून घ्यावा. मागे रांग आहे म्हणून संकोचू नका.

मनगटाला थोडा बाक राहिला म्हणून हळहळू नका. डब्लिनच्या अब्राहम कॉलेस यांनी १८१४ सालीच लिहिलं होतं की, बाक राहिला तरी पुढे हात न दुखता हलू लागतो. पासष्टीपुढच्या रुग्णांत ऑपरेशन आणि प्लास्टर यांची तुलना झाली, तेव्हा वर्षभरानंतर हाताच्या कामात फारसा फरक दिसला नाही. पकड यायला मात्र सहा महिने, कधी वर्षही लागतं.

आणखी एक. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात. नुसतं घसरून मनगट मोडलं, तर पुढच्या खेपेला खुबा मोडू शकतो. हाडांची तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि मोरीतलं शेवाळं आजच घासून काढा.