कॅमेरा बोगद्याच्या दोन्ही तोंडांना हवा

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्यात बसून बोगद्यातल्या कॅमेऱ्यांची चिंता कशाला, असं कुणीही विचारील. 2022 च्या अखेरीला इथल्या सीमेवरच्या गावांनी ‘रस्ते आणि दवाखाने देता येत नसतील तर आम्हाला गुजरातेत जाऊ द्या’ अशी मागणी केली होती. जिथे धड डांबर नाही तिथे अतिवेगाची चर्चा चैनीचीच वाटणार. पण तालुक्यातली स्ट्रॉबेरी किंवा आंबा भरून मुंबईकडे निघालेल्या पिकअपला आता वेगळा रस्ता मिळाला आहे. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि इगतपुरीजवळचा सुमारे पावणेआठ किलोमीटरचा जुळा बोगदा जिल्ह्याच्या वाटेवर आला. कसारा घाटात गाडीला वळणं आणि चढ आवरून धरत होते. बोगद्यात सरळ, गुळगुळीत, उजेडाचा रस्ता पुढ्यात असतो आणि पाय आपोआप जड होतो. तिथे वेगाला लगाम घालायचाच, तर तो घालणाऱ्या कॅमेऱ्याने एका जागेचा वेग मोजू नये, सगळ्या बोगद्याचा सरासरी वेग मोजावा.

याचा हिशेब मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर नीट दिसतो. गिरगाव चौपाटी ते प्रियदर्शिनी पार्क हा मलबार हिलच्या पोटातला जुळा बोगदा 2.07 किलोमीटरचा; मार्च 2024 पासून टप्प्याटप्प्याने तो खुला झाला. सरळ रस्त्यावर ताशी 80, बोगद्यात 60 आणि वळणावर 40 अशी मर्यादा ठरली. बोगदा 60 ने पार करायला साधारण 124 सेकंद लागतात, 80 ने 93. एवढी घाई करून वाचतात ती 31 सेकंदं, आणि तीही पुढच्या सिग्नलला जायची. उलट बाजूचा खर्च पाहा. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर 60 च्या गाडीने तेवढ्यात 25 मीटर कापलेले असतात, 80 च्या गाडीने 33. त्यानंतर ब्रेक लागल्यावर गाडी जे अंतर घसटत जाते ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट होतं. उघड्या रस्त्यावर निदान बाजूला गाडी काढायला मातीची पट्टी मिळते. बोगद्यात दोन्हीकडे काँक्रीट, आणि भर उन्हातून आत शिरल्यावर डोळे उजेडाला सरावेपर्यंतचे पहिले काही क्षण तर जवळपास आंधळेच.

आता तिथे एकाच ठिकाणी कॅमेरा लावला तर काय होतं, हे रोज गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. मोबाइलवरचा नकाशा आधीच ‘पुढे कॅमेरा’ म्हणून सांगतो, शंभर मीटर अलीकडे करकचून ब्रेक, कॅमेरा मागे पडला की पुन्हा दाब. मागून येणाऱ्याला हा ब्रेक अपेक्षित नसतो. म्हणजे अपघात टाळायला लावलेलं यंत्र नेमक्या चुकीच्या जागी गाड्यांमधलं अंतर मोडतं. बोगद्यात सगळ्यात मोलाचं असतं ते हे अंतरच. 24 मार्च 1999 ला फ्रान्स-इटलीमधल्या माँ ब्लाँ बोगद्यात पीठ आणि मार्गारीन घेऊन जाणारा ट्रक पेटला आणि 39 माणसं गेली. ती आग वेगाने लागलेली नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण बोगदा पुन्हा उघडताना वेगमर्यादेबरोबर दोन गाड्यांमध्ये ठरावीक अंतर राखण्याची सक्तीही आली, ती उगाच नाही.

सरासरी वेगाची पद्धत सोपी आहे: आत जाताना नंबरप्लेट आणि वेळ टिपायची, बाहेर पडताना पुन्हा टिपायची, अंतराला वेळेने भागायचं. इगतपुरीच्या बोगद्यात मर्यादा समजा 80 धरली, तर पावणेसहा मिनिटांच्या आत बाहेर आलेली गाडी नियम मोडूनच आलेली असणार. मधे कुठे ब्रेक मारला याला अर्थ उरत नाही. महामार्गावर अशी मोजणी करताना मधले फाटे, ढाबे, पेट्रोलपंप आडवे येतात. बोगद्याला मात्र एक तोंड आत जायला आणि एक बाहेर पडायला, त्यामुळे या पद्धतीला याहून सोयीची जागा नाही. व्हिएन्ना शहरातल्या काइझरम्यूलेन बोगद्यात 2003 पासून हेच चालू आहे, आणि पहिल्या दोन वर्षांत तिथले माणसं जखमी होणारे अपघात सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचं अभ्यासात आढळलं. आपल्याकडेही हे नवं नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2024 च्या जुलैपासून सुरू झालेल्या यंत्रणेत सरासरी वेग मोजण्याची सोय आहे.

यावरचा सगळ्यात जोरकस आक्षेप मालवाहतूकदारांचा. ई-चलानांच्या विरोधात त्यांनी जुलै 2025 मध्ये राज्यभर संप पुकारला होता, आणि त्यांची तक्रार उडवून लावण्यासारखी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 मध्ये अतिवेगाला हलक्या गाडीला 1,000 ते 2,000 आणि मध्यम-जड गाडीला 2,000 ते 4,000 रुपये दंड आहे. दोन भाडी मारून हातात उरतं त्याच्याशी हा आकडा ताडून पाहावा. दंड वसुलीसाठी की सुरक्षेसाठी, हा त्यांचा प्रश्न. पण नीट पाहिलं तर सरासरीची मोजणी चालकाच्याच बाजूची आहे. ट्रकला ओलांडताना दहा सेकंद काटा पुढे गेला म्हणून जागेवरचा कॅमेरा चलान फाडतो, सरासरी ते पोटात घेते. पाळतीचा आक्षेपही खरा आहे, कारण इथे नियम पाळणाऱ्याचीही नंबरप्लेट टिपली जाते. ऑस्ट्रियात हा वाद घटनात्मक न्यायालयात गेला, आणि 2007 मध्ये न्यायालयाने पद्धत राहू दिली पण तिला अटींत बांधलं. निर्दोष गाडीची नोंद बाहेर पडताक्षणी पुसण्याची अट आपल्या निविदांमध्येही लिहून घेतली पाहिजे.

केंद्राच्या 2021 च्या नियमांत अशा यंत्राला दरवर्षी नूतनीकरण होणारं मान्यता प्रमाणपत्र, देखरेखीच्या पट्ट्याआधी ठळक फलक आणि 15 दिवसांच्या आत नोटीस, एवढं बंधन आहे. घोडं अडतं ते नोटिशीपाशी. सुरगाण्याकडे फिरणारे कित्येक पिकअप दुसऱ्या-तिसऱ्या हातचे असतात, कागदावर मोबाइल नंबर जुन्या मालकाचाच राहतो, आणि नव्याच्या गावात रेंज यायची तर टेकडीवर जावं लागतं. चलान कुणाच्या तरी फोनवर पडतं. चालवणाऱ्याला त्याचा पत्ता लागतो तो पासिंगला गाडी नेली की, तोवर तशी पाच-सहा साचलेली. हे दुरुस्त करायला बोगद्यात काही बसवावं लागत नाही, परिवहन कार्यालयाने तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी मोबाइल नंबर बदलून देणारं टेबल मांडलं तरी पुरे.