उन्हाळ्यात रचलेला हिवाळा

शहरांतील मॉल, कॉफीची दुकाने आणि विमानतळ यांमधून नोव्हेंबरच्या मध्यापासून इंग्रजी नाताळगीतांचा जो अखंड मारा सुरू होतो, त्याची तक्रार यंदा प्रस्तुत सदरात येणे अटळच होते. मंडपांतील ध्वनिवर्धकांशी या सदराचे असलेले जुने वैर वाचकांच्या परिचयाचे आहे; मात्र या वेळी आक्षेप आवाजाच्या पट्टीवर नाही, मुदतीवर आहे. गॅलऱ्यांतील आकाशकंदील अजून उतरलेले नसताना जी पाच-सहा गाणी सुरू होतात, ती दुकानातील नोकरवर्गाला सहा आठवडे दिवसभर ऐकावी लागतात, आणि परिणामी ज्या दिवसासाठी ती रचली गेली तो २५ डिसेंबर उजाडतो तेव्हा ती कोणालाच ऐकवत नाहीत.

गाण्यांची जन्मकथा थोडक्यात सांगता येते. ख्रिस्तजन्माच्या सणाला समूहाने गायच्या गीताला कॅरोल म्हणतात. त्यांपैकी जगभर पोहोचलेले ‘सायलेंट नाइट’ हे मूळचे जर्मन गीत योझेफ मोर या धर्मगुरूने लिहिले, फ्रान्झ झेव्हर ग्रुबर या शिक्षकाने त्याला चाल लावली आणि २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियात, साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडोर्फ गावी ते गिटारच्या साथीने प्रथम गायले गेले. ‘जिंगल बेल्स’ हे जेम्स पिअरपाँट यांनी १८५७ मध्ये निराळ्याच नावाने प्रसिद्ध केले असून त्यात नाताळ नाही, येशू नाही, सांताक्लॉजही नाही. आहे ती बर्फावरून धावणारी एका घोड्याची गाडी आणि तरुणांची मौज. आपल्याकडील बालवाड्यांत कापसाच्या दाढ्या लावून ते ज्या भक्तिभावाने म्हणवून घेतले जाते, तो पिअरपाँट यांना बहुधा चकित करून गेला असता.

धार्मिक कॅरोलहून वेगळा असा जो दुसरा प्रकार विसाव्या शतकात अमेरिकेत रूढ झाला, तो हिवाळी सुट्टीच्या गाण्यांचा. त्यात देवापेक्षा घर, शेकोटी आणि बर्फ यांना महत्त्व आले. मौज अशी की यांतील कित्येक गाणी भर उन्हाळ्यात लिहिली गेली. सॅमी कान आणि ज्यूल स्टाइन यांनी ‘लेट इट स्नो’ रचले ते जुलै १९४५ मध्ये, हॉलिवूडमध्ये अंगाची लाही लाही होत असताना. आणि मेल टॉर्मे व बॉब वेल्स यांनी, नॅट किंग कोल यांच्या आवाजात पुढे अजरामर झालेले ‘द ख्रिसमस साँग’ लिहिले तेही त्याच उन्हाळ्यात. हिवाळ्यात विकायच्या मालाची तयारी आधीच करावी लागते, हे त्याचे व्यावहारिक कारण झाले; परंतु जे हाताशी नसते त्याचेच वर्णन माणूस मन लावून करतो, हेही कारण त्यामागे असावे.

इर्व्हिंग बर्लिन यांच्या ‘व्हाइट ख्रिसमस’विषयी तर हे निश्चितपणे म्हणता येते. रशियन साम्राज्यात ज्यू कुटुंबात १८८८ मध्ये जन्मलेले बर्लिन पाच वर्षांचे असताना न्यूयॉर्कला आले. नाताळ हा त्यांच्या घराण्याचा सण नव्हता, आणि १९२८ च्या नाताळात त्यांचे तान्हे मूल दगावल्यानंतर तो दिवस त्यांना आनंदाचा उरलाही नसणार. मूळ गीताला एक प्रास्ताविक कडवे आहे, ज्यात गाणारा माणूस कॅलिफोर्नियातील बेव्हर्ली हिल्समध्ये, ऊन आणि ताडमाडांच्या सान्निध्यात, उत्तरेकडच्या बर्फासाठी झुरतो. पुढे हे कडवे बहुतेक गायकांनी गाळले, त्यामुळे श्रोत्याच्या कानी केवळ बर्फ उरला आणि झुरण्याचे कारण हरवले. प्रस्तुत सदराच्या मते हा गीताचा अंगभंग असून त्याबद्दल कोणालाही खंत वाटू नये, हे आश्चर्यच होय.

कडवे गळले तरी विरह मात्र गळला नाही. बिंग क्रॉस्बी यांनी हे गीत २५ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरवरील हल्ल्याला तीन आठवडेही झाले नसताना, रेडिओवर गायले आणि मे १९४२ मध्ये ध्वनिमुद्रित केले. त्यानंतर घरापासून दूर असलेल्या सैनिकांकडून त्याची इतकी मागणी झाली आणि मूळ ध्वनिमुद्रिकेवरून इतक्या तबकड्या काढल्या गेल्या की ती झिजून १९४७ मध्ये क्रॉस्बी यांना ते नव्याने गावे लागले. १९४३ मध्ये आलेले ‘आय विल बी होम फॉर ख्रिसमस’ हे तर आघाडीवरील सैनिकाने घरी लिहिलेल्या पत्राच्या रूपातच आहे, आणि ते ऐकून सैन्याचे मनोबल खचेल या भीतीने बीबीसीने त्याच्या प्रसारणावर बंदी घातली होती. एप्रिल १९७५ च्या अखेरीस सायगाव सोडण्याचा गुप्त इशारा अमेरिकनांना द्यायचा होता, तेव्हा तेथील रेडिओवर तापमान वाढत असल्याचे सांगून जे गाणे वाजवायचे ठरले होते, तेही ‘व्हाइट ख्रिसमस’च. ज्यांना आज आनंदी सुट्टीची गाणी समजले जाते, ती अशी मुळात ताटातुटीची गाणी आहेत. म्हणूनच झाड सजवताना वडील लावत असत ती तबकडी वडिलांच्या पश्चात लावली की अमेरिकन घरांतील मोठी माणसे डोळे पुसतात.

याच्या मुळाशी स्मृतीचा एक साधा नियम आहे. गाण्याचा सूर, पदार्थाचा वास यांसारखी जी गोष्ट जुनी आठवण जागी करते तिला स्मृतिखूण म्हणता येईल, आणि एका खुणेला जितक्या अधिक गोष्टी जोडल्या जातात तितकी ती कोणत्याही एका गोष्टीपर्यंत पोहोचवण्यास असमर्थ ठरते, असे मानसशास्त्र सांगते. भोंडल्याची गाणी आश्विनाखेरीज कोणी म्हणत नाही, म्हणून पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरलेली आजी आणि खिरापत ओळखण्यावरून झालेली भांडणे त्या गाण्यांत शाबूत राहतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे आकाशवाणीवर लागणाऱ्या कीर्तनाचे दोन शब्द कानी पडताच उटण्याचा वास येतो तोही यामुळेच. तेच कीर्तन चपलांच्या दुकानात दीड महिना वाजले असते तर त्याला चपलांचा वास आला असता.

मॉलच्या गाण्यांविषयी आणखी एक गोष्ट खटकते. महाराष्ट्रात नाताळची मराठी गाणी नाहीत, असा समज या इंग्रजी गाण्यांमुळे होतो, आणि तो साफ चुकीचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने गोव्यात रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, म्हणजे येशूच्या जन्माची कथा मराठी ओवीत ‘सायलेंट नाइट’च्या दोन शतके आधी सांगून झाली होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतल्यानंतर अभंग आणि भजनांच्या वळणाची विपुल गीते रचली. ‘उपासना संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहातून ती आजही गायली जातात, आणि टाळ-पेटीच्या साथीने ती ऐकलेल्या कुटुंबांच्या नाताळात बर्फाचा कण नसतो. दुकानदारांना यांतले एखादे गीत लावणे अवघड नाही. मात्र त्यांनी ते १५ डिसेंबरपूर्वी लावू नये.

ज्यांच्या घरी अशी गाणी वडीलधाऱ्यांना मुखोद्गत आहेत, त्यांनी ती यंदाच्या नाताळात त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून घ्यावीत, आणि गाळले जाणारे कडवे असेल तर ते आवर्जून म्हणवून घ्यावे.